पाखऱ्याची झूल

मित्रांनो, मला कोणी जुनं म्हटलेलं आवडत नाही. पण माझ्या डाव्या पंखाला ठिगळ आहे, नाकाचा रंग उडाला आहे आणि शेपटीवर उंदराने दात घासून पाहिले आहेत. हाताच्या काकणाला आरसा कशाला? तेव्हा सांगून टाकतो, मी एक जुनं, फोमचं विमान आहे. माझं नाव शिकरा. आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याजवळच्या एका गावात, उद्धवरावांच्या घरी मी राहतो. तुम्ही पुष्कळ विमानं पाहिली असतील, पण बैलाची झूल पांघरून झोपणारं विमान पाहिलं नसेल. ती झूल मला कशी मिळाली, तेच मी आज सांगणार आहे. मधूनमधून मी बढाई मारेन, ती गोड मानून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. तो झाला उद्धवरावांच्या ओसरीवर, आणि तोही ज्वारीपायी.

उद्धवरावांच्या पत्नी बयनाबाई. त्या लग्न होऊन या गावात आल्या, तेव्हा त्यांच्या आईने लुगड्याच्या पदरात गावरान ज्वारीचं बी बांधून दिलं होतं. ही ज्वारी चवीला गोड. तिची भाकर दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. बयनाबाई दर वर्षी शेताच्या एका तुकड्यात ती पेरत आणि पुढच्या सालासाठी बी राखून ठेवत. पूर्वी आजूबाजूलाही सगळीकडे ज्वारी असे. मग लोक कापूस, सोयाबीन, मका यांच्याकडे वळले आणि ज्वारीचा एवढाच तुकडा उरला. त्याचा परिणाम काय झाला असेल, सांगा पाहू? पूर्वी जी पाखरं दहा शेतांत वाटली जायची, ती सगळी या एकाच शेतावर उतरू लागली. पोपट होते, चिमण्या होत्या, पण सगळ्यांत वाईट होत्या भोरड्या. थंडीत त्यांचे थवेच्या थवे येतात आणि दाणे दुधात आले की कणसं रिकामी करून जातात.

मागच्या साली पाखरांनी इतकं खाल्लं, की बी म्हणून जेमतेम एक छोटं गाडगं भरलं. यंदा ते सगळं पेरून टाकलं. घरात त्या ज्वारीचा दाणा उरला नव्हता. बाजारात ती मिळत नाही. यंदाची कणसं पाखरांनी नेली, की बयनाबाईंच्या माहेरचं ते वाण कायमचं संपणार होतं.

बयनाबाई मचाणावर उभ्या राहून गोफण चालवायच्या. गावात त्यांच्यासारखा नेम कोणाचा नव्हता म्हणतात. पण यंदा त्यांचा उजवा खांदा धरला. हात वर केला की कळ थेट मस्तकात जायची. उद्धवराव गोफण फिरवायचे, पण त्यांचा दगड पाखरांपेक्षा शेजारच्या नागनाथच्या शेतात जास्त पडायचा.

त्यांची मुलगी अश्विनी आदिलाबादच्या कॉलेजात शिकते. रोज सकाळच्या बसने जाते आणि दुपार कलल्यावर परत येते. आई लपूनछपून खांदा चोळते आहे, हे तिने एका संध्याकाळी पाहिलं.

"माय, गोफण खुंटीला टांग," ती म्हणाली. "तुह्या खांद्याच्या जागी मी दुसरा खांदा बनवते."

तो दुसरा खांदा म्हणजे मी!

तिने पांढऱ्या फोमची शीट आणली. धारदार पात्याने माझे पंख कापले, धड जोडलं, नाकात छोटी मोटर बसवली, पोटात बॅटरी ठेवली. रंगाच्या बाबतीत मात्र ती सावध होती. फवाऱ्याच्या डब्यातला रंग तिने आधी माझ्यातून उरलेल्या एका तुकड्यावर मारून पाहिला. तो तुकडा पाण्यात टाकलेल्या साखरेसारखा विरघळला. माझा थरकाप झाला, पण तिने तो डबा बाजूला ठेवला आणि पाण्यात कालवायचा रंग घेतला. वरून, खालून, सगळीकडून मला गडद तपकिरी केलं आणि छातीवर काळे पट्टे ओढले. पाखरांनी मला शिकारी पक्षी समजावं, ही कल्पना.

उद्धवरावांनी मला दोन्ही हातांत धरून पाहिलं. "हा तं शिकराच हाय," ते म्हणाले. त्या घटकेपासून मी शिकरा झालो.

नागनाथ कुंपणापाशी उभा होता. त्याला थट्टेशिवाय चहा गोड लागत नाही. तो म्हणाला, "उद्धवराव, बरं झालं. आता भोरड्या याच्या पाठीवर बसून बेल्याच्या बाजाराले जातीन."

दुसऱ्या दिवशी उजाडताच अश्विनीने मला हवेत सोडलं. मित्रांनो, पहिलं उड्डाण काय असतं, हे शब्दांत सांगता येत नाही. खाली ज्वारीची कणसं डुलत होती, पलीकडे कापसाची बोंडं फुटली होती, आणि समोर भोरड्यांचा एक थवा आरामात न्याहारीला बसला होता. मी त्यांच्यावरून सूं करत गेलो. सगळा थवा एकदम उठला आणि नाल्यापलीकडच्या बाभळींत जाऊन दडला. बयनाबाई मचाणाखाली उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

त्यानंतर रोज सकाळी बसच्या आधी आणि संध्याकाळी बसनंतर मी उडायचो. पाखरंही त्याच वेळी येतात, त्यामुळे आमचं छान जमलं. गावातली माणसं मला बघायला थांबू लागली. मोटारसायकलवरून जाणारे पाय टेकवून माना वर करायचे. माझी छाती फुगली होती. फोमची छाती ती, आणखी किती फुगणार?

आणि इथेच माझ्यावर संकट आलं. ते दुष्टपणातून आलं नाही, लाडातून आलं.

आमच्याकडे थंडीत दव फार. सकाळचं उड्डाण संपवून मी ज्वारीत उतरलो की पोटापासून शेपटीपर्यंत भिजलेला असायचो. अश्विनी मला ओसरीवर ठेवून बस गाठायला पळायची. मग बयनाबाई मला बघायच्या. त्यांच्या जिवाला लागायचं. ज्या घरात धान्याला, मिरचीला, डाळीला, गोधडीला आणि बाळाच्या दुपट्यालाही ऊन दाखवतात, त्या घरात भिजलेलं विमान सावलीत कसं राहणार? ऊन दाखवलं की कीड मरते, ओल जाते, वस्तू टिकते. हे त्या आपल्या आईकडून शिकल्या होत्या आणि त्यांची आई तिच्या आईकडून. बयनाबाई मला डाव्या हाताने उचलायच्या आणि न्हाणीच्या बुटक्या टिनाच्या छपरावर, लाल मिरच्या आणि तुरीच्या डाळीच्या मधोमध मांडायच्या. दुपारी पापड उलटावा तसं मला उलटायच्याही. अश्विनीची बस यायच्या आत मी पुन्हा ओसरीवर असायचो. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आपण पोरीचं एक काम हलकं करतो आहोत, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पहिले काही दिवस मलाही बरं वाटलं. मग टिन तापू लागलं. आमच्याकडे थंडी संपता संपता दुपारचं ऊन असं होतं, की अनवाणी पाय ओट्यावर ठरत नाही. माझी पाठ गडद रंगाची, ती सगळं ऊन पिऊन घ्यायची. खालून टिन भाजायचं, वरून सूर्य. माझा डावा पंख हळूहळू पिळला जाऊ लागला. सांध्यातला डिंक सैल झाला. पाठीवर बारीक फोड आले. पोटाच्या कडेला रंग जरा विरळ होता, तिथला फोम पिवळा पडला आणि बोट लावलं की पिठासारखा सुटू लागला. मी ओरडून सांगणार तरी कसा? माझा आवाज मोटरीत, आणि मोटरीची किल्ली अश्विनीच्या हातात.

मी हवेत डावीकडे ओढला जाऊ लागलो. अश्विनीने रिमोटवर खटपट केली, पंख हाताने सरळ केला, नवी पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिला वाटलं, आपलाच हात बसत नाही. आणि ज्या आठवड्यात सगळ्या शेतातले दाणे दुधात आले, त्याच आठवड्यात एका सकाळी माझा पंख हवेतच वाकला. मी गिरक्या घेत ज्वारीत कोसळलो. भोरड्या बाभळीवरून उतरल्या आणि माझ्या अंगावर सावली पाडत कणसांवर बसल्या.

उद्धवराव डबा बडवत धावले. बयनाबाईंनी खुंटीवरची गोफण काढली. पहिला दगड सुटला आणि त्या तिथेच खांदा धरून खाली बसल्या. डोळ्यांत पाणी आलं, पण दुसरा दगड त्यांनी गोफणीत भरलाच. मी कणसांमध्ये उताणा पडून हे सगळं बघत होतो. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

त्या दिवशी शेताची पूर्वेकडची एक कड रिकामी झाली. अश्विनीने मला ओसरीवर ठेवलं आणि परीक्षा होती म्हणून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बाबा, माह्याच्यानं नाई होत. मायचा खांदा मीच मोडला."

परीक्षा अर्ध्या दिवसाची होती. ती दुपारीच परत आली. फाटकातून आत शिरली आणि तिला मी दिसलो. मिरच्यांच्या आणि डाळीच्या मधोमध, टिनावर, वाकलेला पंख घेऊन मी भाजत पडलो होतो.

"माय, हे काऊन ठेवलं इथं?"

"ऊन दाखवून राह्यली ना बाई," बयनाबाई म्हणाल्या. "रोजच दाखवते. दव पिऊन येते बिचारं. ओल राह्यली तं सडन."

अश्विनीने मला उचललं आणि लगेच हात झटकले. चटका बसला होता. तिने माझ्या पोटावर बोट फिरवलं. बोटाला पिवळं पीठ लागलं. तिने ते आईला दाखवलं.

"माय, ज्वारीले ऊन लागते. याले ऊन खाते."

बयनाबाई त्या पिठाकडे बघत राहिल्या. तो क्षण मला आजही आठवतो. त्यांचा चेहरा उतरला. "म्या तं जीव लावला व," त्या म्हणाल्या. "लेकरावानी जपलं."

मला वाटलं, आता अश्विनी रागावणार. सकाळची पूर्वेकडची ती कड, आईचा खांदा, सगळं तिच्या डोळ्यांसमोर असेल. पण ती आईजवळ बसली. माझ्या तपकिरी पाठीवर तिने स्वतःचा तळहात ठेवला आणि उचलला. मग हसायलाच लागली.

"तू एकलीच नाई चुकली," ती म्हणाली. "याले काया-तपकिरी म्याच केलं. उन्हाळ्यात काया कपडा कोणी घालते का? मी शिकून-सवरून तेच केलं."

"मंग पांढरा कर त्याले," बयनाबाई म्हणाल्या. "घराच्या छतावर नाई का आपण चुना मारत."

"पांढरा केला तं पाखरं भेतीन का? कबूतर समजतीन."

उद्धवराव दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी मला अश्विनीच्या हातून घेतलं, डोक्यावर धरलं आणि खालून पाहिलं. मग खाली घेऊन वरून पाहिलं.

"पाखरू कणसावर बसते," ते सावकाश म्हणाले. "त्याले याचं पोट दिसते. पाठ कोणाले दिसते? सूर्याले."

मित्रांनो, तिघांपैकी कोणा एकाला हे सुचलं असं मी म्हणणार नाही. एकीने चुना म्हटलं, दुसरीने कबूतर म्हटलं, तिसऱ्याने मला उलटं धरलं. तिघांचं मिळून माझं नवं रूप ठरलं. वरून पांढरा आणि खालून शिकरा!

त्या दुपारी ओसरीवर सावलीत माझा दुसऱ्यांदा जन्म झाला. अश्विनीने कोमट पाण्याच्या फडक्याने शेकून माझा पंख हळूहळू सरळ केला आणि आत बांबूची बारीक काडी बसवली. सुटलेलं पिवळं पीठ पुसून काढलं, तिथे नवं ठिगळ लावलं. भिंत रंगवून उरलेला, पाण्यात कालवायचा, बाहेरच्या भिंतींचा पांढरा रंग घरात होता. उन्हापावसात भिंत धरून ठेवणारा तो रंग तिने पातळ करून माझ्या पाठीवर दिला. जाड दिला असता तर मी जड झालो असतो. पोटाचा तपकिरी रंग आणि छातीचे काळे पट्टे नव्याने भरले. पोटाला ऊन लागत नाही, तिथे मी खुशाल काळा असू शकतो.

पण शेतात काय? पाखरं दिवसभर येऊ लागली होती. दोन उड्डाणांच्या मध्ये मला ठेवणार कुठे? मचाणाला छप्पर नव्हतं. नुसतं कापड टाकलं तर ऊन आरपार येतं.

तेव्हा उद्धवराव आत गेले आणि पेटीतून कडुनिंबाच्या पाल्याचा वास येणारं एक गाठोडं घेऊन आले. ती पाखऱ्याची झूल होती. पाखऱ्या हा त्यांचा शेवटचा बैल. तो गेला आणि त्यानंतर गोठ्यात ट्रॅक्टरचं अवजार उभं राहिलं. पोळ्याला उद्धवराव ती झूल काढायचे, झटकायचे आणि पुन्हा घडी घालून ठेवायचे. कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"दुहेरी सूत हाय," ते म्हणाले. "पाखऱ्याच्या पाठीले कधी चटका नाई लागू देला यानं."

बयनाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी सुई-दोरा घेतला. उद्धवरावांचं जुनं पांढरं धोतर झुलीच्या वरच्या बाजूने शिवलं, म्हणजे ऊन बाहेरच्या बाहेर परतेल. आतून झुलीची लाल-निळी नक्षी आणि बारीक आरसे तसेच ठेवले. झुलीच्या कडा मचाणाच्या काठ्यांना बांधल्या, म्हणजे खालून वारा खेळेल आणि दवाची ओलही सावलीतच सुकेल. मला आत ठेवलं, तेव्हा आरशांत माझे इवलेसे पंख दिसले. राजाला तंबू मिळावा तसं मला झालं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, अश्विनीला सुट्टी होती. आणि त्याच दिवशी तो मोठा थवा आला. इतक्या भोरड्या उद्धवरावांनीही एकत्र पाहिल्या नव्हत्या. आकाशात एखादी चादर झटकावी तसा तो थवा वळत होता. नागनाथ कुंपणापाशी आला, पण त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. "गेली ज्वारी," एवढंच पुटपुटला.

अश्विनीने मला फेकलं. मी वर गेलो, सूर्याला पांढरी पाठ दाखवली आणि पाखरांना काळं पोट. सरळ गेलो! डावीकडे जराही ओढला गेलो नाही. थवा फुटला, पुन्हा जुळला, दुसऱ्या बाजूने आला. मी तिकडे गेलो. बॅटरी संपत आली की उतरायचो, बयनाबाई मला झुलीखाली घ्यायच्या, अश्विनी बॅटरी बदलायची आणि मी पुन्हा वर. टळटळीत दुपारी टिन तापलं, धुळीची वाट तापली, अश्विनीच्या हातातला रिमोटसुद्धा तापला, पण माझी पाठ हाताला गार लागत होती. बयनाबाई दर वेळी तळहात ठेवून बघायच्या आणि मान डोलवायच्या.

ऊन उतरलं तेव्हा भोरड्या थकल्या होत्या. मी नव्हतो थकलो! सगळा थवा उठला, एकदा शेतावरून वळला आणि नाला ओलांडून गावाच्या शिवेपलीकडे निघून गेला. नागनाथने डोक्यावरचा रुमाल काढला. तो आदिलाबादच्या मंडईत भाजी विकतो, त्यामुळे त्याची शाबासकी तेलुगूत येते.

"बागुंदि," तो म्हणाला. "लई बागुंदि."

दाणे भरले, पिकले आणि कापणी झाली. रिकामी झालेली पूर्वेकडची कड सोडली तर सगळी ज्वारी घरी आली. बयनाबाईंनी राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात बी भरलं. छोटं गाडगं नाही, मोठा रांजण भरला. त्याआधी त्यांनी ते टिनावर पसरून खडखडीत ऊन दाखवलं, आणि मी झुलीखाली बसून ते बघत होतो. ज्याची जागा त्याला मिळाली होती.

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढणाऱ्या खांद्यांना हळद-लोणी लावतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. या घरात बैल नव्हता. तरी बयनाबाईंनी वाटीत हळद-लोणी घेतलं आणि त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. बोट बुडवणार, तोच थांबल्या.

"अशू, याले लोणी चालते का?"

"नको माय. डाग पडन."

त्यांनी वाटी बाजूला ठेवली. कोरडा, खरखरीत तळहात माझ्या डाव्या पंखाच्या सांध्यावर ठेवला, जिथे ठिगळ आहे तिथे, आणि हळूच फिरवला. तो त्यांचा उजवा हात होता. तो आता दुखल्याशिवाय वर जात होता.

"आज आवतण घे," त्या म्हणाल्या. "उद्या जेवाले ये."

दुसऱ्या दिवशी मारुतीसमोर तोरणाखाली बैलांची रांग लागली. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. त्या रांगेत, उद्धवरावांच्या हातांवर, पाखऱ्याची झूल पांघरून मी होतो. कोणी हसलं नाही. उलट नागनाथने सगळ्यांदेखत पुढच्या हंगामासाठी ज्वारीचं बी मागितलं, आणि त्याचं ऐकून आणखी चार घरांनी. आता पाखरांना एकच शेत राहणार नाही, आणि ते वाणही एकाच रांजणात राहणार नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखा एखादा फोमचा भाऊ असेल. त्याला बंद गाडीत किंवा गच्चीवर टाकून जाऊ नका. पाठ पांढरी ठेवा, सावलीत वाऱ्यावर सुकवा. आणि कोणाला जीव लावाल, तेव्हा त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे आधी विचारा. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या अंगावर हात ठेवून बघा.

त्या दिवशी रांग लांबली, ढग फाटले आणि लख्ख ऊन पडलं. उद्धवराव ऐटीत उभे होते, लोकांनी बघावं म्हणून त्यांनी झूल जरा मागे सारली होती. तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून बयनाबाई ताडताड पुढे आल्या, उजवा हात उंच केला आणि आपला पदर माझ्यावर धरला.

"अहो, उन्हात काऊन उभं केलं त्याले?" त्या सगळ्या गावासमोर नवऱ्याला म्हणाल्या. "इतकं बी समजत नाई का?"